दुभाष्याने जोडलेलं वाक्य

मी पास्टर आहे आणि मला राग येतो. या दोन गोष्टी एकत्र शोभत नाहीत, असं माझ्या मंडळीतल्या बायका मला अधूनमधून प्रेमाने सांगतात. पास्टरने हळू बोलावं, हसून बोलावं, समोरचा मूर्खासारखा वागला तरी "प्रभू बघेल" म्हणावं. मी चौदा वर्षं फुटबॉल खेळलो आणि सगळी वर्षं स्टॉपर होतो. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा असलेला शेवटचा माणूस. त्याला मागून सगळं मैदान दिसतं, म्हणून बाकीच्यांवर ओरडायचं कामही त्याचंच. इतकी वर्षं नव्वद-नव्वद मिनिटं ओरडलेला माणूस बाप्तिस्मा घेऊन कुजबुजायला लागत नाही.

ओरडायला मला पप्पांनी शिकवलं. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो. पप्पा कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी सुटली की डबा हातात घेऊन ते सरळ मैदानात यायचे आणि आमच्या गोलच्या मागे उभे राहायचे. फुटबॉल त्यांना फारसा कळत नव्हता. ऑफसाइड तर मी त्यांना चमचे मांडून समजावला, तरी शेवटपर्यंत पटला नाही. पण एक गोष्ट त्यांना कळायची. मी लेफ्टच्या पोराला "मागे ये" म्हणून ओरडलो आणि तो आला नाही, की मागून पप्पांचा आवाज यायचा, "पोचला नाही!"

"ओरडलो की!" मी घरी जाताना म्हणायचो.

"त्याने मान वळवली का? नाही ना? मग पोचला नाही. तू ओरडलास म्हणजे काम झालं असं नसतं."

पप्पा रोज सकाळी आंघोळ करून पंचशील म्हणायचे आणि पाचवं शील म्हणताना त्यांचा आवाज एकदम खणखणीत व्हायचा. दारूला स्पर्श करणार नाही, हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, तसे ते जगले. ज्या लग्नात मागच्या बाजूला बाटल्या दिसतील, त्या लग्नातून आहेराचं पाकीट देऊन ते न जेवता परत यायचे. सख्ख्या भाच्याच्या लग्नातूनसुद्धा आले. वस्तीतले लोक पाठीमागे त्यांना हसायचे. यामागचं कारण मला आईने सांगितलं. पप्पांचा थोरला भाऊ दारू पिऊन पिऊन गेला होता आणि शेवटचं वर्षभर त्याचं सगळं पप्पांनी केलं होतं. पप्पांनी स्वतः हा विषय घरात कधी काढला नाही. काकांचा फोटो भिंतीवर होता, त्याला ते दर वर्षी हार घालायचे, एवढंच.

माझी पहिली पाच नंबरची जर्सी पप्पांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून शिवून आणली होती. तिथे एका सिंधी दुकानदाराचं जर्सी शिवायचं दुकान होतं, आत तीन मशिनी आणि बाहेर काउंटर. तो पप्पांना "दादा" म्हणायचा आणि मला "चॅम्पियन". पुढे विहाराच्या मंडळाच्या टीमच्या सगळ्या जर्सी त्याच दुकानातून यायच्या. पप्पांचा शब्द तिथे इतका चालायचा की नाव-नंबरची यादी ते तोंडी सांगून यायचे.

मी मुंबईत एका ऑफिसच्या टीमकडून खेळलो, तिथून गोव्यातल्या एका क्लबने मला काँट्रॅक्टवर घेतलं. तीन सीझन खेळलो. तिसऱ्यात उजवा गुडघा दुखायला लागला. क्लबच्या डॉक्टरने सुई दिली, म्हणाला, खेळ. पुढच्या मॅचला पुन्हा सुई. तिसऱ्या सुईनंतर आम्ही तीन गोलांनी पुढे असताना, कुणी धक्काही लावला नसताना, वळताना माझा गुडघा फिरला. तीन गोलांनी पुढे! मला काढून बसवलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? ज्या मॅनेजरने मला वर्षभर "माझा वाघ" म्हटलं, त्याने काँट्रॅक्ट संपल्याचं फोनवर दोन ओळींत कळवलं आणि खाली पिळदार दंडाचं चित्र टाकलं. तो मेसेज मी आजही पुसलेला नाही. क्षमेवर प्रवचन द्यायचं असलं की आधी तो उघडून बघतो, म्हणजे उगाच सोपं बोललं जात नाही.

अंबरनाथला परत येऊन मी खाटेवर पडून राहिलो. टीममधला एकही माणूस आला नाही. आले ते एक मोठे पास्टर. कॅम्प दोनमध्ये त्यांचा हॉल होता, हिंदीत आराधना चालायची, त्यांना फुटबॉलचा नाद होता आणि माझं नाव त्यांनी ऐकलं होतं. दर गुरुवारी ते स्कूटरवर यायचे. मला मागे बसवून फिजिओकडे न्यायचे, बाहेर बाकावर बसून राहायचे, परत आणून सोडायचे. पप्पा त्यांना स्वतः चहा करून द्यायचे. पुढे त्यांच्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते रागाने लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवतो. माझ्यासाठी तेव्हा तेच आले होते, दुसरं कुणी नाही.

त्या काळात मला जे मिळालं ते खरं होतं. गुडघा बरा झाला नाही, आजही जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पण सकाळी उठावंसं वाटायला लागलं. बाप्तिस्मा घेणार असल्याचं मी पप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या बापाने छप्पन साली आपला धर्म स्वतः निवडला. मी तुला कोणत्या तोंडाने अडवू? फक्त जिथे आपल्या माणसांना कमी लेखतात तिथे उभा राहू नकोस."

लोकांना वाटतं, धर्म बदलला म्हणून बापलेकात फाटलं. नातेवाईक अजून तेच सांगत फिरतात. मला त्याचाही राग येतो, कारण तसं झालं असतं तर दोष वाटून घेता आला असता. पप्पांनी मला अडवलं नव्हतं.

आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. हिंदीवाले तिला गवाही म्हणतात. नवीन विश्वासी उभा राहतो आणि आधी मी कसा होतो, प्रभूने काय केलं, आता कसा आहे, ते सगळ्यांना सांगतो. पद्धत चांगली आहे, पण तिची एक चटक असते. आधीचं जितकं वाईट, तितकी टाळी मोठी. माझी साक्ष ठरली तेव्हा मोठे पास्टर म्हणाले, "गवाही में दम होना चाहिए, ब्रदर." मी म्हटलं, माझा गुडघा गेला, क्लबने टाकलं. ते म्हणाले, "और घर? घर में कुछ तकलीफ?" मी काकांचं सांगितलं. मला काय माहीत होतं, मी कुणाच्या हातात काय देतोय.

मला हिंदी येत नव्हती असं मुळीच नाही. उल्हासनगर-अंबरनाथमध्ये ज्याला हिंदी येत नाही, तो घराबाहेरच पडलेला नसतो. पण मन मोकळं करायचं तर मराठीतच बोल, असं ठरलं आणि शेजारी दुभाष्या उभा केला. टाय लावलेला, आवाजाचा पक्का माणूस. दुभाष्या असला की दर वाक्याला थांबावं लागतं. आपण एक बोलायचं, तो एक बोलणार, मग आपण पुढचं. हॉल भरलेला होता आणि तो जर्सीवाला दुकानदारही बायकोबरोबर बसलेला मला दिसला. तो वर्षभरापासून तिथे यायला लागला होता.

मी म्हणालो, "आमच्या घराने दारूपायी एक माणूस गमावला."

दुभाष्या म्हणाला, "मेरा बाप शराबी था. रोज पीकर आता था, मेरी माँ को मारता था."

हॉल गदगदला. "हालेलुया!" पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. आणि आता माझी पाळी होती. दुभाष्या माझ्याकडे बघत होता, मोठे पास्टर डोळे मिटून मान हलवत होते. मी ते वाक्य नीट ऐकलं होतं, शब्द न शब्द. "असं नाही" एवढे दोन शब्द पुरले असते. मी पुढचं वाक्य बोललो.

नंतर मागच्या खोलीत चहा घेताना मी दुभाष्याला विचारलं. तो म्हणाला, "भाव तो वही था ना, ब्रदर." मोठे पास्टर म्हणाले, "देखा, लोगों के दिल कैसे खुल गए?" मला तेव्हा कप फेकून मारायचा होता. मी बिस्कीट बुडवून खाल्लं. पुढच्या सभेत त्याने तेच वाक्य पुन्हा घातलं आणि मी पुन्हा थांबून पुढचं बोललो. तिसऱ्या सभेला दुभाष्या आला नाही. मी स्वतः हिंदीत साक्ष दिली. आणि त्या जागी आल्यावर माझ्याच तोंडून आलं, "मेरा बाप शराबी था." कुणी सांगितलं नव्हतं. टाळी कुठे मिळते ते मला कळलं होतं.

दोन महिन्यांनी विहाराच्या स्पर्धेच्या जर्सी सांगायला पप्पा दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवरून त्यांचा हात हातात घेतला आणि गिऱ्हाइकांसमोर अगदी जिव्हाळ्याने म्हणाला, "दादा, आपने कभी बताया नहीं. कितने साल हुए छोड़के? बेटे ने गवाही में सब बताया. बहुत हिम्मतवाला निकला साईं, और आप भी." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. पप्पा ऑर्डर न देता घरी आले.

मी जेवत होतो. ते समोर उभे राहिले. "तू म्हणालास?"

"दुभाष्या म्हणाला," मी म्हटलं.

"मग तू काय म्हणालास?"

मी भाताचा घास तोंडात घातला. त्यानंतर सहा वर्षं पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर असलो तरी आईला म्हणायचे, "त्याला सांग, दार लावून घे." ते पुन्हा त्या दुकानाच्या रस्त्याला गेले नाहीत आणि विहाराच्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण करणंही सोडलं. आई म्हणायची, "त्यांना वाटतं, खाली बसलेलं कुणी तरी हसेल."

मी मोठ्या पास्टरांपासून वेगळा झालो आणि बदलापूर गावात पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्याने घेऊन मराठीत छोटी मंडळी सुरू केली. तीसेक माणसं येतात. कारखान्यातले, घरकाम करणाऱ्या, दोन शिक्षिका, एक रिक्षावाला. गिरणीवाल्या आजी पहिल्याच रविवारी वर येऊन म्हणाल्या, "पास्टर, जरा हलू वरडा. गिरनी चालू हाय तरी तुमचाच आवाज येतो."

गेल्या वर्षी त्या खोलीत एक बाई साक्ष द्यायला उभी राहिली. स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलली आणि मग सासूवर घसरली. सासू चेटूक करायची, सासू उपाशी ठेवायची. ती सासू मला माहीत होती. सुनेला कामाला जाता यावं म्हणून दोन नातवंडं सांभाळणारी, गुडघे धरून चालणारी बाई. आणि माझी मंडळी, माझी साधी भोळी मंडळी, पुढे सरकून ऐकत होती आणि "हालेलुया" म्हणत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझं सांग!" मी ओरडलो. "सासूला कशाला आणतेस इथे? ती आहे का उत्तर द्यायला?" बाई रडायला लागली. सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि ओरडून झाल्यावर मला कळलं की मी तिच्यावर ओरडत नव्हतो.

पुढच्या रविवारी मी प्रवचन दिलंच नाही. उभा राहून सगळं सांगितलं. माझं वाक्य, दुभाष्याचं वाक्य, चहा, बिस्कीट, तिसरी सभा. माझ्या बापाने दारूला कधी हात लावला नाही, हे तीन वेळा सांगितलं. त्या बाईची माफी मागितली. रिक्षावाल्याने मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, ते मी आईला पाठवलं आणि सोमवारी अंबरनाथला गेलो. खरं सांगतो, मी शाबासकीच्या अपेक्षेने गेलो होतो.

पप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता आईला म्हणाले, "त्याला विचार, हिंदीत सांगितलं का?"

मी भडकलो. "तीस माणसांसमोर नाक घासलं, अजून काय करू? इथे पाया पडू?"

"त्याला सांग," पप्पा पेपरामागून म्हणाले, "ज्यांनी ऐकलं होतं, ते बदलापूरला राहत नाहीत."

मी दार आपटून निघालो. स्टेशनपर्यंत मनात बापाशी भांडत होतो. म्हाताऱ्याला माफ करायचंच नाही, मला नुसतं खेळवायचंय, वगैरे. मग कधीतरी ते गोलमागचं "पोचला नाही" आठवलं आणि आणखीच राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

मी मोठ्या पास्टरांकडे गेलो. ते आता थकले आहेत, मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. मी रविवारी पाच मिनिटं मागितली आणि कशाला तेही सांगितलं. ते म्हणाले, "अब क्यों, ब्रदर? पुरानी बात है. लोगों का विश्वास हिल जाएगा. मैं खुद जाकर पिताजी से माफी माँग लेता हूँ, अकेले में."

अकेले में! बदनामी भरल्या हॉलमध्ये, माईकवर, टाळ्यांच्या गजरात. आणि माफी मात्र दिवाणखान्यात, चहाबरोबर. मी त्यांना तसंच तोंडावर सांगितलं. "ठीक है," ते म्हणाले, "पाँच मिनट." पण त्यांनी बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे, रविवारी स्टेजवर गेलो तर शेजारी तोच दुभाष्या टाय लावून उभा. केस काळे केलेले. मी मराठीत म्हटलं, "तू खाली बस." तो बसला.

दुकानदार मागून चौथ्या रांगेत होता. मी माईक धरला. "छह साल पहले यहाँ मेरी गवाही हुई थी. उसमें कहा गया कि मेरा बाप शराबी था. वो झूठ है."

पुढचं वाक्य सुरू केलं आणि माईक गेला. कुणाच्या इशाऱ्याने ते विचारू नका. कीबोर्डवाल्याने, अवघड जागा आली की वाजवतात तसे, हळुवार सूर वाजवायला सुरुवात केली. आता सगळ्यांनी डोळे मिटावेत, प्रार्थना करावी आणि हा माणूस खाली उतरावा अशी ती व्यवस्था होती. मी माईक खाली ठेवला. छातीत हवा भरली आणि शेवटच्या रांगेकडे बघून ओरडलो.

"मेरे बाप ने जिंदगी में शराब को हाथ नहीं लगाया! मेरी माँ पे हाथ नहीं उठाया! इन्होंने झूठ बोला, मैंने सुना और चुप रहा! फिर मैंने खुद बोला, ताली के लिए!"

दाराजवळ चपला लावणारा माणूस वळून बघायला लागला. कीबोर्ड थांबला. कुणी "हालेलुया" म्हटलं नाही, नुसते पंखे फिरत होते. दुकानदार उभा राहिला होता आणि त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला होता. मी कठडा धरून स्टेजच्या पायऱ्या उतरलो आणि बाहेर रिक्षा पकडली.

घरी पोचलो तेव्हा पप्पा जेवायच्या पाटावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बस," म्हणाले. आईला नाही, मला. मी बसलो.

"दुकानवाल्याचा फोन आला होता. रडत होता. आवाज मागपर्यंत आला म्हणाला."

मी मान हलवली. खरं तर मला थोडा अभिमान वाटत होता. पप्पा ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"एक सांग," ते म्हणाले. "मी खरंच पीत असतो, तर?"

"तर काय?"

"तर ते वाक्य चाललं असतं?"

आई वाढता वाढता थांबली.

"तुझा काका पीत होता," पप्पा भिंतीवरच्या फोटोकडे न बघता म्हणाले. "शेवटी शेवटी त्याला काय काय व्हायचं, ते मी पाहिलं, मी निस्तरलं. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. तुला नाही, विहारात नाही, व्यसनमुक्तीच्या भाषणातसुद्धा नाही. माझा भाऊ होता तो. त्याला त्या स्टेजवर कोण घेऊन गेलं?"

दुभाष्याचं वाक्य मी खोडून आलो होतो. त्याच्या आधीचं, मराठीतलं, काकांबद्दलचं माझं स्वतःचं, ते तसंच राहिलं होतं.